पावणं

आमच्या कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. कुणी दारात गाडी लावली तर "ओ पावणं, गाडी काढा", हॉटेलात शेजारी कुणी बसलं तर "पावणं, मीठ सरकवा". आणि घरच्या जावयालाही पावणंच म्हणतात. सोयरिकीतला माणूस पावणा, आणि ज्याच्याशी आपला काडीचा संबंध नाही तोही पावणाच. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात याची कधी कुणाला अडचण झाली नाही, कारण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं की कुठला पावणा ते कळतं. फक्त एकदा कळलं नाही, आणि त्यात आमचे सर गेले.

सर म्हणजे संघर्ष वकील. कसबा बावड्याच्या कोर्टात त्यांचं आडनाव कुणाला विचारावं लागत नसे. मी, वर्षाराणी, वकिलीची सनद मिळाली तेव्हापासून त्यांच्या हाताखाली होते. विधी सेवेची फुकट कामं बाकीचे वकील नाइलाजानं घेतात आणि तारखा मागून मागून पक्षकाराला कंटाळा आणतात. सर ती कामं मागून घ्यायचे आणि खुनाच्या खटल्यासारखी चालवायचे. शनिवारी कळंब्याच्या जेलमध्ये जाऊन ज्यांना जामीनदार मिळत नाही अशा कैद्यांना भेटायचे. नवऱ्यानं टाकलेल्या बाया ऑफिसच्या जिन्यावर डबा सोडून बसलेल्या असायच्या.

आणि मुलं यायची. कुणाला ॲपवर ओळख काढून बोलावून लुबाडलेलं, कुणाला पोलिसांनी बागेतून उचललेलं, कुणाचं घरच्यांनी मारून मुटकून लग्न ठरवलेलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं तीनशे सत्त्याहत्तर कलम होतं तेव्हाही यायची आणि ते गेल्यावरही यायची, कारण कलम गेलं तरी बाप तोच होता आणि फौजदारही तोच होता. सर त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन बाकावर बसायचे. एका फौजदारानं एकदा हसत विचारलं, वकीलसाहेब, तुम्हाला या पोरांचा एवढा कळवळा का? सर म्हणाले, मी पण त्यांच्यातलाच आहे, लिहून घ्या. त्यानं लिहून घेतलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या कोर्टाला माहीत होतं. बाररूममध्ये दोघातिघांनी खुर्च्या बदलल्या. सर मला म्हणाले, माझ्या आजोबांना चहाचा कप वेगळा होता, मला खुर्ची वेगळी आहे, तीन पिढ्यांत प्रगती बरी आहे. ते हसले. मला मात्र अजून त्या दोघातिघांना बघितलं की तोंड फिरवावंसं वाटतं, आणि मी फिरवते.

सर बौद्ध, नेसरीचे. त्यांच्या घरात राहायचा तो अमरसिंह, वारणानगरच्या कामगार वसाहतीत वाढलेला मराठ्याचा मुलगा, जनावरांचा डॉक्टर. त्याच्या वडलांनी त्याच्या नावानं अंघोळ केलेली. राजारामपुरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोघं पंधरा-सोळा वर्षं राहिले. मी त्याला अमरदादा म्हणते. गोठ्यात हात घालून अडलेलं वासरू बाहेर काढणारा दणकट माणूस, पण चार माणसांत उभा राहिला की आवाज फुटत नाही. सरांच्या बरोबर उलटा.

दोघं महिन्या-दोन महिन्यांनी नेसरीला जायचे. तिथं सरांची आई सरुबाई, थोरला भाऊ दादासो, त्याची बायको आणि दोन मुली. कुणी कधी काही विचारलं नाही आणि यांनी कधी काही सांगितलं नाही. सरुबाई मात्र अमरदादाला पहिल्या दिवसापासून पावणं म्हणायच्या. पावणं, हातपाय धुवा. पावणं, आधी तुम्ही बसा. निघताना दारापर्यंत येऊन म्हणायच्या, "पावणं, सावकाश जावा."

आता हा कुठला पावणा? या प्रश्नावर आमच्या ऑफिसात दर नेसरी फेरीनंतर वाद व्हायचा. सर म्हणायचे, जावई. अमरदादा म्हणायचा, तसं काही नाही, त्या सगळ्यांनाच म्हणतात, परवा खतवाल्याला पण म्हणाल्या. मग सर पुरावा मांडायचे. गेल्या अधिक महिन्यात सरुबाईंनी दोघांना मुद्दाम बोलावून पुरणपोळ्या घातल्या होत्या. अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्यात, जावयाला जेवायला घालायची रीत. दादासोच्या बायकोनं जरा वाकडं बघितलं तर सरुबाई म्हणाल्या, ह्ये काय धोंड्याचं जेवण न्हाय, आपल्यात ते नसतंय, डाळ जास्त शिजली म्हणून केलं. सर ऑफिसात टेबलावर थाप मारून म्हणाले, डाळ जास्त शिजली म्हणून कुणी टॉवेल-टोपी देतं का? तीही दिली होती. मी म्हटलं, मग एकदा आईंना सरळ विचारा ना. तिथं मात्र सर टेबलावरचे कागद आवरायला लागले. म्हणाले की त्या नाही म्हणाल्या तर हा शब्दही जाईल. पोलिसांपुढं न घाबरणारा माणूस आईपुढं घाबरत होता. मग कुणी विचारलं नाही.

दिल्लीहून सुप्रीम कोर्टाचा समलिंगी लग्नाचा निकाल आला त्या दिवशी आम्ही तिघं ऑफिसात फोनवर तो ऐकत बसलो होतो. लग्नाचा हक्क नाही म्हणाले. बाकीचं सरकारनं समिती नेमून बघावं म्हणाले. सरांनी फोन बंद केला. मग म्हणाले, "मागं आपल्याला गुन्हेगार नाही म्हणाले. आज नातेवाईक पण नाही म्हणाले." अमरदादा चहा आणतो म्हणून उठून जिना उतरला. त्यानंतर सर प्रत्येक जोडप्याला बसवून सांगायचे: दवाखान्यात तुम्हाला पहिला प्रश्न येणार, तुम्ही पेशंटचे कोण? त्याचं उत्तर आजच ठरवा, कागद करून ठेवा. कित्येकांचे कागद मी स्वतः टाईप केले. त्यांचा स्वतःचा कागद मात्र राहिला. कुणाचा ना कुणाचा जामीन नेहमी त्याच्या आधी असायचा.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सर न्हाणीघरात पडले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. अमरदादानं त्यांना उचलून गाडीत घातलं आणि जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथं आधी मेंदूचे फोटो काढले, मग डॉक्टर म्हणाले ऑपरेशन लगेच करावं लागेल, सही कोण करणार? अमरदादा काउंटरवर गेला. तिथल्या मुलीनं विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण?

त्यानं सांगितलं, पावणं.

ती मुलगी इथलीच. तिनं जे ऐकायचं तेच ऐकलं. म्हणाली, पावणं नको, घरचं माणूस बोलवा. तो खुर्चीवर बसला आणि दादासोला फोन लावत राहिला. दादासो ऊसतोडीच्या टोळीबरोबर शिवारात होता, फोन घरी. निरोप पोचला, तो नेसरीहून निघाला, वाटेत ट्रॅक्टरांची गर्दी, पोचेपर्यंत दुपार उलटली. दादासोनं सही केली. डॉक्टर म्हणाले आता उपयोग नाही. मला फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं.

जीव जात असताना डॉक्टरनं सहीसाठी थांबायचं नसतं. कायदा तसं म्हणत नाही. सरांनी हे शेकडो लोकांना सांगितलं असेल. मी तिथं असते तर काउंटर डोक्यावर घेतलं असतं. नंतर त्या डॉक्टरला मी गाठलं, तेव्हा तो म्हणाला, मॅडम, लवकर केलं असतं तरी वाचले असते असं सांगता येत नाही. नसते वाचले असं तरी सांगता येतं का, म्हणून मी विचारलं. तो पुढच्या पेशंटकडे वळला.

काउंटरची ही गोष्ट अमरदादानं मला त्या संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात सांगितली, आणि कुणाला सांगू नको म्हणून हात धरला. मी विचारलं, दुसरं काहीही का नाही म्हटलास? तो म्हणाला, मित्र म्हटलं असतं तर बाहेर बसवलं असतं. जोडीदार म्हटलं असतं तर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली असती. एवढा एकच शब्द मला कुणीतरी दिलेला होता, तो सांगितला. मग म्हणाला, "मीच मारलं त्याला, वर्षा." मी नाही नाही म्हणत राहिले. त्याला ते ऐकू जात नव्हतं.

मातीला नेसरीत गर्दी झाली. अग्नी दादासोनं दिला. अमरदादा चितेसाठी आणलेल्या शेणींच्या ढिगापाशी गावातल्या माणसांत उभा होता, बघ्यांपैकी एक. पेपरात बातमी आली, संघर्ष अविवाहित होते, त्यांच्या मागे आई, भाऊ, भावजय, दोन पुतण्या असा परिवार आहे. वकील मंडळींनी शोकसभा घेतली. हायकोर्टाच्या सर्किट बेंचच्या आंदोलनातला खंदा कार्यकर्ता म्हणाले, गोरगरिबांचा कैवारी म्हणाले, हसतमुख म्हणाले. ज्या कामासाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या त्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. खुर्च्या बदलणाऱ्यांपैकी एकानं तर रुमाल डोळ्याला लावला. मी उठून बाहेर आले.

मग नेसरीला जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मी अमरदादाला गाडीत घालून नेलं. तो वाटेत महाद्वार रोडला उतरून काहीतरी पिशवी घेऊन आला, मी काय आहे विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. ज्याचं माणूस गेलं होतं त्याला त्या मांडवात कुणीतरी त्याचं माणूस म्हणायला हवं होतं. नाहीतर हा माणूस परत गेल्यावर स्वतःचं काय करून घेईल याची मला भीती वाटत होती. जनावरांच्या डॉक्टरच्या कपाटात नको ती औषधं असतात. मी त्याच्या घरी जाऊन त्या कपाटाची किल्ली काढून घेतली होती.

मांडवाच्या दारातच दादासोनं मला बाजूला घेतलं. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, ताई, तुम्ही कोर्टाचं बोला, बाकीचं नको. पोरींची लग्नं व्हायची हायत माझ्या. मी म्हटलं, तुमचा भाऊ आयुष्यभर जे बोलला ते मी आज गिळू? तो खाली बघत राहिला. अमरदादाही तेच म्हणत होता, आईंसमोर नको, एवढं माझ्यासाठी कर.

बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी सरांचा काळ्या कोटातला फोटो होता, मेणबत्त्या लावलेल्या होत्या. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं. मग बोलायला उभं राहायची पाळी आली. मी कळंब्याच्या कैद्यांचं बोलले, टाकलेल्या बायांचं बोलले, आणि मग सांगितलं की सर स्वतः समलिंगी होते, ते त्यांनी फौजदारापासूनही लपवलं नाही, आणि ज्या मुलांना आईबापानं घराबाहेर काढलं त्यांची त्यांनी वकिली केली. मागच्या रांगेत शहरातून आलेली पाच-सहा मुलं होती, त्यांतला एक हुंदका देऊन रडायला लागला. दादासोनं मान वर केली नाही. सरुबाई फोटोकडे बघत बसल्या होत्या, त्यांना किती कळलं ते मला कळलं नाही. अमरदादाचं नाव मी घेतलं नाही. ते सांगायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं होतं.

त्यानंतर दुखवटा सुरू झाला. सोयऱ्याधायऱ्यांनी दुःखातल्या घरच्यांना कपडे करायचे, बायकांना साडी, पुरुषांना टॉवेल-टोपी. सर म्हणायचे, छप्पन साली आमच्या घरातनं देव गेले, पण टॉवेल-टोपी काय जाता जात नाही. सरुबाई आणि दादासो सतरंजीवर बसले होते. दादासोच्या सासुरवाडीची माणसं आली, सरुबाईंच्या माहेरची आली, एकेक जण वाकून टॉवेल खांद्यावर टाकत होता आणि पुढे सरकत होता. तेवढ्यात मला दिसलं, अमरदादा मागून उठला आणि त्या रांगेत जाऊन उभा राहिला. हातात ती पिशवी.

मला भडभडून आलं. ज्या शब्दानं त्याचा घात केला तो शब्द हा माणूस अजून पाळत होता. पावणं म्हणून घेतलं तर पावण्याचं कर्तव्य करायला आला होता.

त्याचा नंबर आला. तो सरुबाईंपुढं गुडघ्यावर बसला आणि पिशवीतनं साडी काढून पुढं केली. सरुबाईंनी साडी घेतली नाही. विचारलं, "ह्ये काय?"

"दुखवटा, आई."

"कुणाचा?"

"माझा. पावणं आणत्यात न्हवं?"

सरुबाईंनी पिशवी स्वतःकडे ओढली. आत दादासोसाठी आणलेला टॉवेल आणि टोपी होती. त्यांनी टॉवेलाची घडी मोडली आणि तो अमरदादाच्या खांद्यावर टाकला. मग टोपी घेऊन त्याच्या डोक्यावर ठेवली, वाकडी बसली ती हातानं सरळ केली.

"दुखवटा पावणं आणत्यात, व्हय," त्या म्हणाल्या. मांडवात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. "ज्येचं माणूस गेलं त्येनं आणायचा नसतोय. त्येला घालायचा असतोय. कळलं का तुला?"

तुला म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला अहोजाहो सोडून एक शब्द उच्चारला नव्हता. दादासो हळूच आई म्हणाला, त्यांनी तिकडं बघितलं नाही. रांगेतल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि नजरा खाली केल्या.

अमरदादा खांद्यावरच्या टॉवेलाकडे बघत होता. म्हणाला, "तुम्ही मला पावणं म्हणत हुतासा."

"मग जावायाला काय म्हणत्यात?"

एवढं साधं होतं ते. आमच्या ऑफिसातल्या खटल्याचा निकाल लागला होता आणि पक्षकार फोटोत होता. मला वाटलं आता अमरदादा रडेल, मोकळा होईल, आणि मी किल्ली परत देईन. त्याचा चेहरा मात्र पांढरा पडत गेला.

"मी बी त्येच सांगितलं, आई," तो म्हणाला. "दवाखान्यात. कोण लागता म्हणून इचारलं तर पावणं म्हटलं. ती पोरगी म्हणाली, पावणं नको, घरचं माणूस बोलवा. म्हणून दादांची वाट बघत बसलो."

दादासोला आधी कळलं. त्याला एवढंच माहीत होतं की सहीला उशीर झाला. का झाला ते त्याला आत्ता कळत होतं, आणि त्यानं तोंडावर हात घेतला. सरुबाईंना वेळ लागला. त्या अमरदादाच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग फोटोकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. विचारलं, "सहीबिगर बसवून ठेवलं माझ्या पोराला?"

त्यानं मान खाली घातली.

"घरचा हाय म्हणायचं की रं," सरुबाई म्हणाल्या. "येवढंच तर इचारत हुती ती."

अमरदादानं मान वर केली. त्याच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. साक्षीदार विचारलं तेवढं सांगतो तसं त्यानं सांगितलं.

"तुम्ही कवा म्हणला न्हाईसा, आई."

सरुबाईंचा हात त्याच्या खांद्यावर होता तो तिथंच राहिला. भंतेजींनी डोळे मिटून घेतले होते. मग दादासो उठला, सतरंजीवर आपल्या आणि आईच्या मध्ये जागा केली, आणि अमरदादाचा दंड धरून त्याला तिथं बसवलं. रांगेतला पुढचा पावणा दादासोचा मेव्हणा होता. त्यानं आणलेला टॉवेल दादासोच्या खांद्यावर टाकला, घुटमळला, स्वतःच्या गळ्यातला नवा टॉवेल काढून अमरदादाच्या खांद्यावर ठेवला. त्याच्यामागच्यानंही काहीतरी शोधून टाकलं. दोघंतिघं मान फिरवून निघूनही गेले, ते मी बघून ठेवले आहेत. अमरदादा पाठ ताठ ठेवून बसला होता आणि टॉवेल साठत गेले. मला जे हवं होतं ते झालं होतं, सगळ्या मांडवासमोर झालं होतं, आणि त्यानं काही बरं वाटत नव्हतं. सर गेलेच होते. आता ते कशानं गेले हे त्यांच्या आईलाही कळलं होतं.

जेवणं झाली. दिवस कलायच्या आत निघावं म्हणून मी गाडी काढली. दादासोच्या धाकट्या मुलीनं सगळे टॉवेल एका पिशवीत भरून मागच्या सीटवर ठेवले. सरुबाई दारापर्यंत आल्या, मग दारातही थांबल्या नाहीत, गाडीपर्यंत आल्या. काचेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. निघताना नेहमी म्हणायच्या ते म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि पहिला शब्द त्यांच्याच्यानं म्हणवला नाही. त्याच्या जागी घालायला दुसरा त्यांच्याकडे नव्हता.

"सावकाश जा," एवढंच म्हणाल्या.

त्या कपाटाची किल्ली अजून माझ्याकडेच आहे.